सिगारमधल्या चवी ओळखायला शिकताना: कोल्हापुरातल्या नोंदी

सिगारच्या माहितीपत्रकात चवींची यादी असतेच. सीडरचं लाकूड, चामडं, कोको, सुकं गवत, मिरी, माती. मला सुरुवातीला त्यातलं काहीही लागत नव्हतं, नुसता धूर लागायचा. जूनपासून मी ह्या नोंदी ठेवतोय. हेच शिकायला निघालेल्या दुसऱ्या कुणाचे पैसे आणि महिने वाचावेत म्हणून इथे देतोय.

आधी एक सांगतो. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर सिगारनेही होतो. मी महिन्याला दोनच्या वर ओढत नाही, घरात आणि मुलांजवळ तर नाहीच. ज्यानं आजवर तंबाखूला हात लावलेला नाही त्यानं ह्या नोंदी वाचून लावू नये. ह्या कामाचा मोठा भाग सिगार न पेटवताच होतो. मला ते फार उशिरा उमगलं.

८ जून

पुण्याहून तीन प्रकार आणले. तिन्ही रोबुस्टो, म्हणजे पाच इंच लांब आणि पन्नास रिंगच्या. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, सिगारची जाडी त्यात मोजतात. एकाच मापाच्या मुद्दाम घेतल्या, नाहीतर फरक पानामुळे पडला की जाडीमुळे ते कळत नाही.

पहिली डोमिनिकन. तिचं बाहेरचं पान फिकट, कनेक्टिकट वाणाचं, पण पिकलेलं इक्वेडोरमध्ये. मूळ कनेक्टिकटच्या खोऱ्यात ह्या पिकावर सावलीसाठी कापड ताणतात, इक्वेडोरमध्ये ते काम ढगच करतात. दुसरी निकाराग्वाची, एस्तेली भागातल्या तंबाखूची. तिसरी मादुरो, बाहेरचं पान मेक्सिकोच्या सान आंद्रेस खोऱ्यातलं, जास्त दिवस आणि जास्त उष्णतेत आंबवून काळपट केलेलं. नगाला साधारण ११०० ते १६०० रुपये पडले.

निकाराग्वावाली आजच गच्चीवर पेटवली. दुपारी घरी मटण होतं, तांबडा-पांढरा दोन्ही झालेला.

वहीतली नोंद: तिखट. कडू. जीभ बधिर. अर्ध्यावर गरगरायला लागलं आणि अंगाला घाम सुटला. गुळाचा खडा तोंडात टाकून, पाणी पिऊन पडून राहिलो. चव एकही नाही.

१५ जून

गेल्या वेळचं काय बिघडलं ते आता कळतंय.

पहिली गोष्ट वेग. मी सिगारेटसारखे झुरक्यावर झुरके मारत होतो. तसं केलं की विस्तव तापतो, तेलं करपतात आणि धुरात कडवटपणाशिवाय काही उरत नाही. मिनिटाला एक झुरका, बस्स. तेवढ्यात सिगार विझत नाही. हातात धरली तर बोटांना कोमट लागली पाहिजे, गरम लागली तर खाली ठेवायची.

दुसरी गोष्ट निकोटीन. सिगारचं पान हवेवर वाळवून मग आंबवलेलं असतं, त्यामुळे धूर अल्कधर्मी होतो आणि निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. सिगारेटच्या धुराचं तसं नाही, तो आम्लाकडे झुकलेला असतो म्हणून छातीत घ्यावा लागतो. म्हणजे सिगारचा धूर गिळला नाही, आत ओढला नाही, तरी गरगरतं. उपाशीपोटी किंवा भरभर ओढली की जास्तच.

तिसरी गोष्ट रस्सा. तिखटाचा डंख हा चव नसून ती तोंडातल्या मज्जातंतूची झोंब असते. धूरही त्याच तंतूंना झोंबतो. एकदा झोंबून गेलेलं तोंड पुढचे काही तास बारीक काही सांगूच शकत नाही. कोल्हापुरात राहून हे पाळणं अवघड आहे, पण पर्याय नाही. ज्या दिवशी सिगार त्या दिवशी सकाळपासून चटणी-मिसळ बंद. चारच्या सुमाराला केळं नाहीतर साधे पोहे, मिरची न घातलेले, आणि पाच वाजता सुरुवात. सोबत साधं पाणी. चहा नाही.

माझ्यापुरती आणखी एक अडचण. मी फाउंड्रीत वाळूच्या तपासणीचं काम करतो. कोअर शॉपमधला रेझिनचा वास नाकात दिवसभर राहतो. कामाच्या दिवशी नाकाची परीक्षा घ्यायचीच नाही, सुट्टीच्याच दिवशी.

२९ जून

पावसानं घोळ केला. उरलेल्या सिगार लाकडी पेटीत ठेवल्या होत्या. आज पेटी उघडली तर मादुरो फुगून तिचं बाहेरचं पान टोकापाशी उकललेलं, आणि डोमिनिकनवर पांढुरके ठिपके. पुसून बघितलं, बुरशीच. पैसे गेले.

सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. बाहेर आत्ता नव्वदच्या वर आहे आणि लाकडी पेटी ती आत घेते. सगळे ह्युमिडॉर, म्हणजे सिगारची ओल टिकवणारी लाकडी पेटी, घ्या म्हणतात, पण ते सल्ले कोरड्या हवेतल्या लोकांचे आहेत. त्यांना ओल आत टिकवायची असते, आपल्याला जून ते सप्टेंबर ती बाहेर ठेवायची असते. रबरी कडेचा हवाबंद डबा घेतला, आत ओल कमी पडली की देणाऱ्या आणि जास्त झाली की शोषणाऱ्या ६५ टक्क्यांच्या पाकिटांपैकी एक. डबा ३५० रुपये, पाकीट ५५०, आर्द्रतामापक ४००.

आर्द्रतामापकावर लगेच विश्वास ठेवू नका. आधी मिठाची परीक्षा करा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून त्याचा ओला लगदा करा (मीठ विरघळून पाणी होता कामा नये), मापकासोबत बंद डब्यात एक रात्र ठेवा. सकाळी काटा ७५ ला हवा. माझा ६८ दाखवत होता. म्हणजे पेटीत मला ७० दिसत होते तेव्हा प्रत्यक्षात ७७ च्या आसपास होते.

नव्या सिगार आणल्या की पिशवीत बांधून चारेक दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवतोय, मग एक दिवस फ्रीजमध्ये, मग बाहेर. तंबाखूचा भुंगेरा नावाचा किडा अंड्याच्या रूपात पानात असतो आणि आपल्याकडच्या उष्णतेत ती अंडी फुटतात. एकदा फुटली की डब्यातली एकही सिगार सुटत नाही.

१३ जुलै

डोमिनिकन पेटवली. वेग बरोबर, पोट बरोबर, नाक ताजं. कडू नव्हती, उलट मऊ होती. तरीही वहीत लिहायला शब्द नाही. माहितीपत्रकात लिहिलंय सीडर, सुकं गवत, कोरा बदाम.

रात्री बसून विचार केला तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. मी सीडरचं लाकूड आयुष्यात हुंगलेलं नाही. कोको म्हटलं की मला चॉकलेट आठवतं, म्हणजे साखर आणि दूध. चामडं म्हटलं की पाकीट. जे नाकाला ठाऊकच नाही ते धुरात सापडणार कसं? आणि सव्वा हजाराची सिगार जाळत ते शोधत बसायचं कशाला? आधी वस्तू हुंगायच्या.

आता सिगार बंद. बाटल्यांत एकेक वस्तू भरून हुंगणं सुरू.

२० जुलै

लक्ष्मीपुरीत सकाळभर फिरलो. पन्नास-पन्नास ग्रॅम घेतलं: काळी मिरी, पांढरी मिरी, जायफळ, लवंग, दालचिनी, बडीशेप, अक्रोड, बदाम, शेंगदाणे, खजूर, मनुका, फुटाणे. शिवाय बिनसाखरेची कोको पूड आणि चिकोरी नसलेली कॉफी. कपिलतीर्थ मंडईत येऊन संत्र्याची साल वाळवायला घेतली. गावाकडून कडब्याची एक पेंडी मागवली आहे.

दुकानदाराला पन्नास ग्रॅमचे बारा जिन्नस बांधून देताना वाटलं मसाला करतोय. म्हणाला, "पावणं, मिरची राहिली की." मी म्हटलं मिरचीच नकोय. त्यानं एकदा वर बघितलं आणि गप पुड्या बांधल्या.

एकूण खर्च ९०० च्या आत. एका सिगारपेक्षा कमी.

२७ जुलै

चामडं. हे सगळ्यात चांगलं जमलं, म्हणून सविस्तर लिहितो.

घरातलं पाकीट, पट्टा, बूट हुंगून बघितले. तिघांचे तीन वास, पण त्यात रंग, पॉलिश आणि रसायनच जास्त. हल्लीचं बहुतेक चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. सिगारमध्ये ज्याला चामडं म्हणतात ते वेगळं, साल आणि फळाच्या तुरट रसानं कमावलेल्या कातड्याचं. आणि ते तर आपल्या गावाचंच. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात.

चप्पल लाइनला तयार चपला हुंगल्या, पण त्यांना तेल लावलेलं असतं आणि तेलाचा वास वर बसतो. मग सुभाषनगरला एका कारागिराकडे गेलो. ते तळ कापत बसले होते. रापी कातड्यातून ओढली की कापाच्या कडेला फिकट बदामी रंग दिसतो, बाहेरच्या बाजूपेक्षा कितीतरी उजळ. ती ताजी कड नाकाजवळ नेली. पहिल्यांदा तुरट, ओल्या सालीसारखं काहीतरी. मग कोरडं, किंचित गोड. आणि सगळ्यात शेवटी जनावराचा अगदी पुसटसा वास. तीन वास एकापाठोपाठ आले, एकत्र नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

कारागिरांनी मूठभर कातरण दिली आणि पैसे घेतले नाहीत. वर सांगितलं की पाण्यात भिजवून पिळून हुंगा, वास मोकळा होतो. खरंच होतो. घरी हिरडा फोडून तोही वेगळ्या बाटलीत ठेवला, म्हणजे चामड्यातला तुरट भाग सुटा ओळखता येईल.

३ ऑगस्ट

सीडरसाठी आठवडा वाया गेला. सगळे सांगतात पेन्सिल तासा आणि भुसा हुंगा. पाच वेगवेगळ्या पेन्सिली तासल्या, काही हाती आलं नाही. कारण साधं आहे, आपल्याकडच्या बहुतेक पेन्सिली काश्मीरच्या पॉपलर लाकडाच्या असतात. त्या लाकडाला म्हणण्यासारखा वास नसतो.

शिवाय सिगारच्या पेट्या ज्याच्या करतात त्या स्पॅनिश सीडरचा देवदाराशी संबंध नाही. ते महोगनीच्या कुळातलं झाड आहे. त्याच कुळात त्याचा अगदी जवळचा भाऊबंद आपल्याकडे आहे, तून. जुन्या काळी सिगारच्या पेट्या आपल्याकडे तुनाच्याही व्हायच्या. टिंबर मार्केटमध्ये विचारत फिरलो. दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्या वखारीत जुन्या कपाटाची फळी निघाली. रंध्यानं वरचा थर काढल्यावर लालसर लाकूड आणि सुगंध. गोडसर, कोरडा, किंचित मसालेदार. हाच तो. डोमिनिकन सिगार न पेटवता तोंडात धरून हवा ओढली की जे यायचं आणि मला ज्याला नाव देता येत नव्हतं, ते हेच होतं.

१७ ऑगस्ट

बाटल्यांची पहिली आंधळी परीक्षा फसली. बायकोनं बाटल्यांच्या तळाला आकडे लिहून क्रम बदलून ठेवले होते. प्रत्येक तिसरी बाटली मला लवंग वाटली, आणि तसं वाटणं चुकीचं नव्हतं. प्लास्टिकच्या बाटल्या एकाच खोक्यात ठेवल्या होत्या, लवंग आणि दालचिनी सगळ्यांत शिरलेली. सगळं टाकून दिलं.

नवी सोय: काचेच्या लहान बाटल्या, पत्र्याचं झाकण, साधारण ५०० रुपये. मसाले वेगळ्या खोक्यात, लाकूड-कातडं-कडबा वेगळ्या, भाजके जिन्नस तिसऱ्या. बाटली तृतीयांशच भरायची. वरून मलमलचा तुकडा, म्हणजे दिसत नाही.

७ सप्टेंबर

परीक्षेची पद्धत बदलली. "हे काय आहे?" हा प्रश्न फार अवघड पडतो. त्याऐवजी तीन बाटल्या, दोन सारख्या आणि एक वेगळी. वेगळी कुठली तेवढंच सांगायचं. खाद्यपदार्थांच्या तपासणीत ही त्रिकोणी चाचणी नेहमीची आहे. आधी फरक कळतो, नाव मागून येतं.

लवकर सुटे झाले: मिरी-जायफळ, कातडं-हिरडा, खजूर-मनुका. अजून गोंधळ: अक्रोड आणि तुनाचं लाकूड. आश्चर्य वाटलं, पण दोन्हीत तो कोरडा तुरटपणा आहे.

एका बैठकीत चार त्रिकोणांपेक्षा जास्त करू नका. नाक थकतं आणि मग नुसता अंदाज सुरू होतो. मध्ये स्वतःच्या मनगटाची कातडी हुंगली की नाक जाग्यावर येतं. कॉफीचे दाणे हुंगायला सांगतात, पण माझ्या संचात कॉफी स्वतःच एक जिन्नस आहे.

२१ सप्टेंबर

नाकातून धूर सोडणं शिकतोय. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो वास असतो, आणि तो घशाच्या मागून नाकात चढतो. तोंडातला धूर नुसता फुंकून टाकला तर निम्मी सिगार वाया.

धुरावर थेट प्रयोग केला तर डोळ्यात पाणी येतं. मी गुळावर सुरुवात केली. नाक चिमटीत धरून गुळाचा खडा चघळायचा, फक्त गोड लागतं, साखर की गूळ तेही सांगता येत नाही. मग चिमूट सोडून नाकावाटे हळू श्वास सोडायचा. एकदम गूळ होतो. तो क्षण ओळखीचा झाला की काळ्या कॉफीवर तेच, आणि शेवटी धुरावर. तोंडातला बराचसा धूर आधी बाहेर सोडायचा, शेवटचा थोडा तेवढा नाकातून. आत ओढायचा नाही.

आज मादुरोवर केलं. मिरी आली. आणि ती झोंब नव्हती, मिरीचा वास होता, पांढऱ्या मिरीकडे झुकणारा. बाटली काढून ताडून बघितलं. वहीत सिगारच्या पानावर लिहिलेला हा पहिला खात्रीचा शब्द.

१९ ऑक्टोबर

एक गोष्ट पक्की झाली. काडीचा गंधक पूर्ण जळू द्यायचा, मगच ज्योत सिगारकडे न्यायची आणि टेकवायची नाही. पेट्रोलच्या लायटरनं पेटवलेल्या सिगारला पहिली दहा मिनिटं पेट्रोलच लागतं. ब्युटेनचा चालतो.

१६ नोव्हेंबर

गुऱ्हाळं सुरू झाली. करवीर तालुक्यात मेव्हण्याच्या ओळखीच्या गुऱ्हाळावर सकाळी सहाला पोचलो. गूळ खायला पूर्वी शंभरदा गेलो असेन, आज बाटल्या आणि चमचा घेऊन गेलो.

मादुरोबद्दल लोक मोलॅसिस, कॅरमेल, कोको, भाजकी कॉफी असं काहीबाही लिहितात आणि मला ते सगळं एकच लागत होतं, भाजकं-गोड. तर ते टप्पे सुटे करायला गुऱ्हाळाइतकी चांगली शाळा नाही, कारण एकाच काहिलीत तो प्रवास काही तासांत डोळ्यांसमोर होतो.

घाण्यातून आलेला रस हिरवा लागतो, कापलेल्या गवतासारखा. काहिलीला आच लागली, भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली आणि ती झाऱ्यानं काढली की हिरवा वास जवळजवळ जातो. मग उकळी बारीक होत जाते आणि रंग पिवळ्यावरून तांबूस होतो. काकवीच्या टप्प्यावर गुळव्यांनी चमचाभर काढून दिलं. मधासारखं, पण खाली किंचित आंबूस आणि लोखंडी. पुढे बुडबुडे जड फुटायला लागतात, गुळव्या थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघतात. माझ्याकडे थर्मामीटर होता, गोळी जमली तेव्हा ११७ अंश. तेव्हाचा वास पूर्ण वेगळा, आंबूसपणा गेला आणि खमंग आला. वाफ्यात ओतल्यावर काहिलीच्या कडेला जो पातळ थर चिकटून करपला तो खरवडून घेतला. त्यात गोड कमी, कडू जास्त, आणि कॉफी स्पष्ट. रस भाजतो तेव्हा जे वास तयार होतात त्यांच्याच जातीचे वास कॉफी-कोको भाजताना आणि तंबाखू आंबवताना तयार होतात, म्हणून ही गल्लत होते.

गुळव्या मामा तासभर बघत होते. शेवटी म्हणाले, "खाताय कमी आणि वासच जास्त घेताय की हो. उतरायचा टाइम आम्हीबी वासावरच धरतो, ह्यो काटा आत्ता आला." आणि पुढची काहील उतरताना त्यांनी मला पाठ फिरवून उभं केलं आणि नाकानं सांगायला लावलं. मी आधीच "आता" म्हणालो. मामा म्हणाले थांबा, आणि मग जो वास आला त्यातला फरक आता विसरणं शक्य नाही. बाहेरून येणारा चिपाडाच्या जाळाचा धूर त्यात मिसळतो, तो वेगळा ठेवायला मात्र शिकावं लागलं.

चार बाटल्या भरून आणल्या: काकवी, उतरण्याआधीची, गूळ, करपलेली खरवड.

२३ नोव्हेंबर

मादुरो. पहिल्या भागात मिरी, मागे कातडं. मध्यावर आल्यावर गोड लागायला लागलं आणि आज प्रश्न पडला नाही. ती काकवी होती, गूळ नव्हे, कारण तळाशी तो आंबूस लोखंडीपणा होता. शेवटच्या भागात खरवड. तीन भाग, तीन नोंदी, आणि प्रत्येक नोंदीची बाटली समोर.

खूप आनंद झाला. बायकोला उठवून सांगितलं.

२८ डिसेंबर

निकाराग्वा पुन्हा, नव्या खेपेतली. पहिल्या झुरक्यापासून नाकात अमोनिया, गोठ्यात शिरल्यासारखा. वेग, पोट, पेटवणं सगळं ठीक होतं. हा दोष सिगारचा. तंबाखूची पानं थप्प्या लावून आंबवतात, थप्पी आतून तापते, मग उलथून पुन्हा लावतात. त्यात अमोनिया बाहेर पडतो. हे पुरतं झालं नाही किंवा सिगार फार ताजी विकली तर तो वास उरतो. चवी शोधत बसू नका, विझवून टाका. उरलेल्या डब्यात मागे ठेवल्या आहेत, काही महिन्यांनी बघू. ह्यात १३०० गेले.

८ फेब्रुवारी

निपाणी. कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटर, पण तंबाखूचं शेत आजवर गाडीतूनच पाहिलेलं. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या गोष्टी मेव्हण्याच्या मामांकडून ऐकत शेतावर गेलो, ते त्या वेळी हायवेवर बसले होते.

इथली तंबाखू विडीची, उन्हात वाळवलेली. सिगारची हवेशीर छपरात सावलीला वाळते. त्यामुळे चव जुळेल ही अपेक्षाच नव्हती. मला पानाचाच वास हवा होता, धुराशिवाय. शेतात पसरलेलं अर्धवट वाळलेलं पान चुरगळलं तर कडबा आणि हिरवट चहा. पूर्ण वाळलेल्याला मनुका आणि मागे उग्र तंबाखू. बोटांना राळेसारखा चिकट थर बसतो, तो साबणानंही लवकर जात नाही. हात न धुता जेवू नका, माझं डोकं संध्याकाळपर्यंत जड होतं.

फायदा मोठा झाला. "सुकं गवत" म्हणतात ते सिगारमध्ये कुठून येतं ते कळलं. कोवळं, कमी आंबवलेलं पान ते राखून ठेवतं, म्हणून फिकट कनेक्टिकटमध्ये ते लागतं आणि मादुरोत नाही.

२२ फेब्रुवारी

आंधळी परीक्षा, ह्या वेळी सिगारवर. मेव्हण्यानं तिन्हींच्या पट्ट्या काढल्या, टोकं कापली, माझ्या डोळ्यांवर पंचा बांधला. एका वेळी प्रत्येकीचे मोजके झुरके, मध्ये पाणी आणि सुकी भाकरी. उरलेल्या विझवून टाकल्या. महागडी परीक्षा, पण ह्याशिवाय स्वतःवर विश्वास बसत नाही.

मादुरो लगेच ओळखली, काकवीवरून. डोमिनिकन कडब्यावरून आणि तुनावरून. निकाराग्वा उरली म्हणून ओळखली, तिच्या स्वतःच्या खुणेवरून नाही, हे लिहून ठेवायला हवं. तिच्यात मी मिरी आणि अक्रोड सांगितलं. मेव्हणा नवखा, त्यानं हुंगून लाकूड सांगितलं. अक्रोड-लाकडाचा सप्टेंबरचा गोंधळ अजून तिथेच आहे.

आजवरचा खर्च: सिगारवर साधारण १५,०००, त्यातले निम्मे बाटल्या करण्याआधीच जळाले. बाटल्या, जिन्नस, डबा, मापक, पाकिटं, प्रवास मिळून ४,००० च्या आत. आज सुरुवात करायची असती तर दिवाळीपर्यंत एकही सिगार घेतली नसती.

करायचं राहिलेलं: अक्रोडाची साल, गर आणि मधला पडदा तीन वेगळ्या बाटल्यांत भरायचे. तुरटपणा बहुतेक पडद्यात आहे, तो वेगळा काढला तर लाकडापासून सुटा होईल. कडबा दर महिन्याला बदलायचा, मसाले तीन महिन्यांनी, कातरण भिजवून नव्यानं. लवंगेची बाटली अजूनही दुसऱ्या खोलीत.